उपलब्ध माहिती

गुरुवारी दुपारी चहाचा कप हातात घेऊन तो जिना चढत होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर खिशातला फोन थरथरला. वकीलबाईंचा एका ओळीचा निरोप होता: समोरच्यांनी अपील केलं. त्याने तो वाचला, फोन खिशात ठेवला, आणि पुढच्या पायरीवर पाय टाकायचा राहूनच गेला. वरून येणारी माणसं त्याला वळसा घालून खाली उतरत होती. त्यांतलं कुणीतरी, बहुधा मत्स्य विभागातलं, जाता जाता त्याच्या दंडावर थोपटून म्हणालं, "अभिनंदन साहेब, आज पेपरातपण आलंय." त्याने आभार मानले. कप कलला होता, चहा अंगठ्यावरून मनगटापर्यंत ओघळला होता, आणि तो कढत आहे हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं.

अपील म्हणजे काय हे मंत्रालयाच्या त्या इमारतीत त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. देशादेशांमधल्या व्यापाराच्या तंट्यात सोमवारी लागलेला निकाल त्यांच्या देशाच्या बाजूने होता; सात वर्षांनी लागलेला, चारशे पानांचा. ठरावीक दिवसांत समोरच्या देशाने अपील केलं नसतं तर तो निकाल त्याला पाळावा लागला असता. आता प्रकरण वरच्या पीठापुढे जाणार होतं, आणि वरच्या पीठावर कित्येक वर्षं एकही न्यायाधीश नव्हता. नेमणुका अडल्या होत्या. अडवल्या होत्या असंच म्हणायला हवं. म्हणजे अपील ऐकायला कुणी नाही, फेटाळायला कुणी नाही, आणि ते निकाली निघत नाही तोवर सोमवारचा निकाल लागू नाही. तो रद्दही झाला नव्हता. तो नुसता तिथे पडून राहणार होता, धड मेलेला नाही, धड जिवंत नाही. कायद्यातल्या पळवाटा त्याने उभ्या आयुष्यात पुष्कळ पाहिल्या होत्या, पण प्रत्येक वाट कुठेतरी निघत असे. ही कुठेच निघत नव्हती. हे होऊ शकतं हे त्याला माहीत होतं. सोमवारीही माहीत होतं. तरी सोमवारी त्याने दादाला फोन केला होता. जिन्याच्या वळणावर उभं राहून त्याच्या मनात तेवढंच घोळत राहिलं, की माहीत असून आपण फोन केला.

तंटा विभाग नावाचा त्याचा कक्ष म्हणजे अडीच माणसं. एक तो. दुसरी, सगळ्या कागदांना टाचण्या मारत बसणारी आणि म्हणून टाचणीबाई असं नाव पडलेली, निवृत्तीला टेकलेली लिपिक. आणि अर्धा माणूस म्हणजे मत्स्य विभागाशी वाटून घेतलेला एक अधिकारी, जो आठवड्यातले दोन दिवस इकडे आणि तीन दिवस माशांकडे असे. समोरच्या देशात याच कामाला दोनशेच्या वर वकील आहेत असं ऐकिवात होतं. प्रकरण होतं पत्र्याच्या घडीच्या खुर्च्यांचं, सभेत, शाळेत, दवाखान्याच्या बाहेर मांडतात त्या. सगळं जग खुर्चीसाठी भांडतं, पण रीतसर अर्ज करून भांडणारे तुम्हीच, असं त्याची बायको पहिल्या वर्षी म्हणायची आणि स्वतःच हसायची. तिसऱ्या वर्षी तिने तो विनोद करायचं सोडलं. तोवर दादाच्या गावातला खुर्च्यांचा कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चालू लागला होता.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. त्याच कारखान्यात अडतीस वर्षं, पाइप वाकवायच्या यंत्रापासून सुरुवात करून शेवटी फोरमन झालेला. वडील गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता आणि हा आठ. दादाने शाळा सोडली आणि याची चालू ठेवली. ही गोष्ट दादाने कधी बोलून दाखवली नाही, आणि बोलून न दाखवल्यामुळेच ती दोघांच्या मध्ये कायम होती, भिंतीत मुरलेल्या ओलीसारखी. सोमवारी दादाने फोन उचलला तेव्हा मागे नळ वाहत होता. दादा, आपण जिंकलो, असं तो म्हणाला. दादा म्हणाला, बरं. नळ बंद केल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

"वहीबद्दल काय म्हटलंय?" दादाने विचारलं.

"खरी आहे म्हटलंय."

दादाचा श्वास तेवढा ऐकू येत होता, भराभर चालून आलेल्या माणसासारखा. संध्याकाळी पुतणीचा फोन आला. बाबा रविवारी सकाळच्या बसने तुमच्याकडे येणार म्हणतात, त्यांना कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघायचाय, आणि काका, बाबांनी सगळ्यांना सांगितलंय, कारखान्यातली जुनी मंडळी रविवारी संध्याकाळी आमच्याकडे जमणार आहेत. ती एका दमात बोलत होती. फोरमनच्या घरात चार वर्षांत एवढं बोलणं झालं नसेल, असं त्याला वाटून गेलं.

त्या वहीची गोष्ट अशी. आठ वर्षांपूर्वी समोरच्या देशातल्या खुर्च्या करणाऱ्यांनी तक्रार केली, की इकडच्या खुर्च्या तिकडे खर्चाहून कमी भावात विकल्या जातात. तिकडून प्रश्नावली आली, एकशे बारा पानांची, परक्या भाषेत. मालकाने ती दादाच्या हातात ठेवली, तुझा भाऊ मंत्रालयात आहे ना म्हणून. मग लागोपाठ चार रविवार दोघे भाऊ कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत बसले. बाहेर भट्टी विझलेली असे, रंगाचा गोडसर, घशाला चिकटणारा वास मात्र तसाच असे. एका खुर्चीत नेमकं किती पोलाद जातं, असा एक प्रश्न होता. कॉम्प्युटरमध्ये सगळ्या खुर्च्यांना एकच ठोक वजन घातलेलं होतं, चार किलो दोनशे. दादा हसला. कुणीतरी कधीतरी तो आकडा टाकलाय आणि तोच चाललाय, म्हणाला, आणि कपाटातून एक जाड वही काढून पुढे ठेवली. नऊ वर्षं, प्रत्येक पाळीला पाच खुर्च्या काट्यावर चढवून, पेन्सिलीने लिहिलेलं वजन. कुणी सांगितलं नव्हतं. पाइप कधी जाड येतो कधी पातळ, ते कळायला हवं म्हणून. चुकलेला आकडा कुठेही पुसलेला नव्हता. त्यावर आडवी रेघ आणि शेजारी बरोबर आकडा. मालकाचं म्हणणं, कशाला नसती भानगड, कॉम्प्युटरमधलं द्या आणि मोकळे व्हा. तेव्हा मंत्रालयातला हा धाकटा भाऊ म्हणाला होता, जे खरं आहे तेच द्यायचं. दादाने त्याच्याकडे किती अभिमानाने पाहिलं होतं, ते त्याला अजून नको इतकं स्वच्छ आठवत असे. प्रत्येक पानाखाली दादाची सही हवी होती, त्यांच्या लिपीत. याने एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं आणि दादाने ते जुन्या पावत्यांच्या मागे गिरवलं, जीभ दातांत धरून. एकशे बारा सह्या. शेवटच्या सह्यांना हात इतका बसला होता, की दादा न बघता सही करून दाखवायला लागला.

नंतर तिकडून दोन तपासनीस आले, चार दिवसांसाठी. त्यांतला एक अगदी कोवळा, अदबशीर, प्रत्येक वेळी आत येताना दारात पाय पुसणारा. टेबलाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला दादा, मधे दुभाष्या, आणि टोकाला हा, मंत्रालयाचा निरीक्षक म्हणून. निरीक्षकाने बोलायचं नसतं, असा नियम होता. तिसऱ्या दिवशी त्या अदबशीर माणसाने वही चाळली आणि शांतपणे विचारलं, ही नंतर बसून लिहिलेली नाही कशावरून? दुभाष्याने ते जरा मऊ करून सांगितलं, पण कळायचं ते दादाला कळलं. दादा उभा राहिला. त्याने वही उचलली, मधोमध उघडली आणि दोन्ही हातांनी त्या माणसापुढे धरली.

"वास घ्या," दादा म्हणाला.

दुभाष्याने ते सांगितलंच नाही. सांगण्यासारखं वाटलं नसेल, किंवा त्याला लाज वाटली असेल. नऊ वर्षांचं तेल होतं त्या पानांत, रंग होता, घाम होता, वेगवेगळ्या उन्हाळ्यांचे वेगवेगळे अंगठे होते. दादा वही धरून तसाच उभा राहिला, आणि मग मान वळवून त्याने याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी रस्ता ओलांडताना बघायचा तसं, छोट्या आहे ना मागे, एवढंच बघायला. छोट्याने खाली मान घातली आणि आपल्या कागदावर आजची तारीख लिहिली. ती आधीच लिहिलेली होती. तिच्याखाली त्याने ती पुन्हा लिहिली.

वही ग्राह्य धरली गेली नाही. पेन्सिलीने लिहिलेली, वरिष्ठांची सही नसलेली, कुठल्या पद्धतीत न बसणारी. पूर्ण माहिती मिळाली नाही असं मानून त्यांनी, त्यांच्या शब्दांत, उपलब्ध माहिती वापरली. म्हणजे तक्रार करणाऱ्यांनीच दिलेले आकडे. त्या आकड्यांवरून खुर्च्यांवर जी जकात बसली तिच्याखाली कारखाना चेपला गेला. भाव वाढवून समेट करायची एक सोय होती, मालक त्याला तयारही होता. तेव्हा हा खास रजा काढून गावी गेला आणि त्याने सगळ्यांना समजावलं, की समेट केला तर आपण खोटे होतो असं होईल. आपण सरकारतर्फे दाद मागू, न्याय आपल्या बाजूने आहे, दोन वर्षं कळ काढा. दोन वर्षं हा शब्द त्याने वापरला होता. दादाने तो पुढे पाळीपाळीला जाऊन सांगितला. पहिलं वर्ष नुसत्या वाटाघाटीत गेलं. मग ऐकणारे तीन जण ठरवण्यात एक वर्ष. मग त्यांतले एक आजारी पडले. मग भाषांतरांची रांग होती. चौथ्या वर्षी कारखान्याची भट्टी कायमची थंड केली, आणि तो गेला नाही, कारण त्याच आठवड्यात परदेशी सुनावणी होती. त्या लांबलचक खोलीत समोरच्या बाकांवर सतरा जण होते, या बाजूला चार, वकीलबाई धरून. त्याला बारा मिनिटं मिळाली. वहीबद्दल तो चांगला बोलला, असं नंतर सगळे म्हणाले. बोलता बोलता त्याला त्या पानांचा वास सांगायचा होता. त्या भाषेत त्याला शब्दही येत होते. पण ऐन वेळी तो म्हणाला, ही समकालीन नोंद आहे. तिघांनीही ते लिहून घेतलं. परतीच्या विमानात त्याला उमगलं, की दुभाष्याने केलं तेच आपण केलं, फक्त अधिक चांगल्या भाषेत.

शुक्रवारी सचिवांनी त्याला बोलावून सांगितलं, की जिंकलो ते खरंच आहे, तेवढंच बोलायचं, अपिलाचं कुणी विचारलं तर बघू. तो हो म्हणाला. शुक्रवारी आणि शनिवारी त्याने दादाचा नंबर पाच-सहा वेळा काढला आणि ठेवून दिला. सांगून टाक ना एकदाचं, असं बायको म्हणाली. तेही समोरासमोर सांगण्यापेक्षा फोनवर बरं. तिचं बरोबर होतं. पण फोनवर दादा पुन्हा बरं म्हणाला असता, आणि त्या बरंनंतरची शांतता ऐकायची त्याची तयारी नव्हती.

रविवारी दादा दहाच्या सुमारास आला. इस्त्रीचा शर्ट, दाढी ताजी, हनुवटीवर एक बारीकसा काप. तो वाळला होता. पाणी प्यायला, घरातल्या सगळ्यांची चौकशी केली, आणि चहा यायच्या आतच खिशातून चष्मा काढून तो शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. याने चारशे पानांचा तो गठ्ठा टेबलावर ठेवला. इतका मोठा, असं दादा म्हणाला आणि त्याने तो एका हाताने थोडा उचलून पाहिला. मग याने खूण घातलेलं पान उघडलं आणि भाषांतर करत वाचायला सुरुवात केली. तपास अधिकाऱ्यांनी ही वही नाकारायला नको होती. ती कामाच्या वेळी, कामाच्या जागीच लिहिली गेली याबद्दल संशय घ्यायला कारण दिसत नाही. पेन्सिलीने लिहिली एवढ्यावरून कुठलीही नोंद अविश्वसनीय होत नाही.

"परत वाच," दादा म्हणाला.

त्याने परत वाचलं. दादाचे ओठ हलत होते. पुढचं वाक्य असं होतं, की वजन करणाऱ्या कर्मचाऱ्याने नऊ वर्षं, कुणाचीही सूचना नसताना, हे काम सातत्याने केलं. ते वाचताना कर्मचारी या शब्दाच्या जागी त्याच्या तोंडून दादाचं नाव गेलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, शाळेच्या दाखल्यावर असतं तसं. त्याने ठरवलेलं नव्हतं. तीस वर्षांत त्याने कुठल्या कागदातला स्वल्पविराम इकडचा तिकडे केला नव्हता. पण नाव आलं आणि ते इतकं बरोबर वाटलं, की त्याने वाक्य तसंच पुरं केलं. दादाने चष्मा नीट केला.

"माझं नाव आहे त्यात?"

"हो."

"कुठे? दाखव."

दादाने खुर्ची पुढे ओढली आणि पानावर बोट ठेवलं. परकी भाषा त्याला येत नव्हती, पण ती सात अक्षरं त्याने एकशे बारा वेळा लिहिली होती. ते बोट ओळीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेलं, खालच्या ओळीवर उतरलं, पुन्हा गेलं. त्याने घाई केली नाही. परिच्छेद संपला तेव्हा तो परत पहिल्या ओळीला गेला आणि सगळं पुन्हा एकदा शोधलं. आतल्या खोलीत बायको कपाटाशी काहीतरी करत होती, तो आवाज थांबला.

"नाही ना," दादा म्हणाला.

"कर्मचारी असं आहे, दादा. म्हणजे तूच."

दादाने बोट उचललं. चष्मा काढून मिटला आणि टेबलावर ठेवला. मग अगदी सावकाश, जणू काट्यावरचा आकडा विचारतोय तसं, त्याने विचारलं, "अजून काय काय घातलंस यात?"

मग याने सगळं सांगितलं. गुरुवारचा निरोप, अपील, वरचं पीठ, तिथल्या न झालेल्या नेमणुका. सांगताना त्याला जाणवलं, की हे आपल्या भाषेत आपण कधी कुणाला सांगितलेलंच नाही, आणि आपल्या भाषेत ते फारच थोडं होतं. सांगून संपल्यावर दादाने विचारलं, की म्हणजे तिथे बसायला माणूसच नाही?

"नाही."

"खुर्च्या आहेत?"

"सात."

दादाला हसू आलं. छोटंसं, नाकातून. मग ठसका लागला, आणि ठसका थांबल्यावर त्याने पालथ्या हाताने डोळे पुसले. "म्हणजे निकाल खरा आहे, पण चालत नाही," तो म्हणाला. याने मान हलवली. दादा पुढे म्हणाला, "हे तुला सोमवारी माहीत होतं?"

"होऊ शकतं, एवढं माहीत होतं."

"मग फोन कशाला केलास?"

"तुला एकदा तरी काही चांगलं सांगायचं होतं."

दादाने टेबलावरचा चष्मा उचलून खिशात ठेवला. जेवायला बसला, थोडंसं जेवला, छान झालंय असं आठवणीने म्हणाला आणि बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर आडवा झाला. हा समोर बसून राहिला. झोपेत दादाचा हात पलंगाबाहेर लोंबत होता. करंगळी थोडी वाकडी, कधीतरी पाइपच्या यंत्रात सापडलेली. ती कधी सापडली, आपण कितवीत होतो तेव्हा, हे तो आठवून पाहत होता. आठवेना. दादाच्या आयुष्यातल्या किती गोष्टींच्या वेळी आपण दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत, अभ्यासाला बसलेलो होतो.

चार वाजता दोघे चालत बसथांब्याकडे निघाले. रस्ता रविवारचा, दुकानं निम्मी बंद. दादा सावलीच्या बाजूने चालत होता आणि वाहनांच्या बाजूला स्वतः राहून याला आत ठेवत होता, पन्नाशी उलटलेल्या माणसाला. थांब्यावर आल्यावर तो म्हणाला, "त्या दिवशी तू बोलला असतास तरी त्यांनी ऐकलं नसतं. ते मला कळतं."

"हं."

"पण मी वाट बघितली."

हे बोलताना तो बस येते त्या दिशेला बघत होता. याला वाटलं, आपण आता काहीतरी बोलायला हवं. सात वर्षांत इतकं बोललो, इतक्या खोल्यांत. त्याने दादाच्या शर्टाची मागे दुमडलेली कॉलर सरळ केली. दादाने ती करू दिली. बस आली तेव्हा दादा पायरीवर एक पाय ठेवून थांबला. आता घरी सगळे जमतील, तो म्हणाला, तीस-पस्तीस जण असतील, पोरीने चहाची तयारी करून ठेवली असेल. त्यांना मी काय सांगू?

"मी येतो."

"तू?"

"मी सांगतो त्यांना."

उद्या सोमवार आहे, असं दादा म्हणाला. याने ऐकून घेतलं आणि तो दादाच्या मागोमाग बसमध्ये चढला, हातात काही नसताना, पायात घरातल्या चपला. मधल्या रांगेत जागा होती. दादा खिडकीशी सरकला. बस शहराबाहेर पडेपर्यंत याने बायकोला कळवलं, मग फोन बंद केला. पस्तीस जण. त्यांतले निम्मे त्याला नावाने ओळखत, लहानपणापासून. दोन वर्षं कळ काढा हे त्यांनी दादाच्या तोंडून ऐकलं होतं, पण ते कुणाचं होतं हे त्यांना माहीत होतं. दादांनो, काकांनो, अशी सुरुवात करावी का? की आधी निकालाचं सांगावं, आणि मग अपिलाचं? की आधीच सांगून टाकावं, की दोन वर्षं हा शब्द माझा होता? मंत्रालयात कुठल्याही निवेदनाची पहिली ओळ त्याला बसल्या बसल्या सुचत असे. दादाने मान सीटला टेकून डोळे मिटले होते, पण तो झोपला नव्हता. त्याचा खांदा याच्या खांद्याला लागलेला होता आणि खड्डा आला की दोघेही एकदमच हलत. गाव यायला अजून दोन तास होते. पहिलं वाक्य काय असावं याचा तो विचार करत राहिला.